जुन्या जिप्सीचं स्टिअरिंग: ढिलाई नेमकी कुठे आहे ते कसं शोधायचं

"स्टिअरिंग लूज आहे" एवढंच सांगून जिप्सी गॅरेजला लावली, की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळून गाडी संध्याकाळी परत मिळते, नाही तर टाय रॉड एंड (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) आणि डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके जिरवणारा शॉक ॲब्सॉर्बर) बदलल्याचं बिल हातात येतं. पहिल्या प्रकारात बॉक्सची वाट लागते, दुसऱ्यात खिशाची. आणि थोड्याच दिवसांत हायवेवर एखाद्या पुलाच्या सांध्यावरून गाडी गेली, की स्टिअरिंग पुन्हा हातात नाचायला लागतं.

दोष मिस्त्रीचा असतो असं नाही. तक्रारच अर्धवट सांगितलेली असते. ढिलाई शोधायला महागडी यंत्रं लागत नाहीत. एक जॅक, दोन भक्कम स्टँड, टेप, खडू, एक पहार आणि स्टिअरिंगवर बसायला एक माणूस एवढं पुरतं. महत्त्वाचा आहे तो क्रम. तो चुकला की चांगले पार्ट बदलले जातात आणि खराब तसेच राहतात.

इथे उदाहरण जिप्सीचं घेतलंय, कारण ताडोब्याच्या गेटवर, सह्याद्रीतल्या कच्च्या रस्त्यांवर आणि लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाड्यांमध्ये तीच जास्त दिसते. १९८५ची ९७० सीसीची असो की १९९६ नंतरची १.३ लिटरची जिप्सी किंग, खालची मांडणी एकच: पुढे अखंड ॲक्सल, पाटे (लीफ स्प्रिंग) आणि किंगपिनवर, म्हणजे ज्या उभ्या पिनेभोवती चाक डावं-उजवं वळतं तिच्यावर, वळणारी चाकं. जुन्या महिंद्रा जीपलाही यातलं बरंचसं लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे सांगतोच.

आधी तक्रार नीट ओळखा

"लूज" या एका शब्दात चार वेगळी दुखणी दडलेली असतात.

पहिलं म्हणजे नुसता प्ले. स्टिअरिंग थोडं फिरतं, पण चाकं हलत नाहीत. हा प्रकार गाडी उभी असतानाही कळतो.

दुसरं, गाडी भटकते. सरळ रस्त्यावरही सतत डावं-उजवं करत बसावं लागतं. यात प्ले असेलच असं नाही. पुढच्या चाकांचे कोन बिघडले असतील, मागच्या पाट्यांचे बुश (टोकांतले रबर) गेले असतील किंवा बॉक्स नको तेवढा आवळलेला असेल, तरी गाडी अशीच चालते.

तिसरं, बारीक थरथर. ठराविक वेगाला येते, वेग वाढवला की कमी होते, खड्ड्याशी तिचा संबंध नसतो. हे जवळजवळ नेहमी चाकाचं काम: बॅलन्सिंग, वाकडी रिम किंवा फुगलेला टायर.

चौथं खरं वॉबलिंग. गाडी ठीक चाललेली असते, खड्डा किंवा रस्त्याचा सांधा लागतो आणि पुढची दोन्ही चाकं जोरजोरात डावी-उजवी फडफडू लागतात. वेग बराच खाली आणल्याशिवाय थांबत नाहीत.

हे अखंड ॲक्सलच्याच गाड्यांना एवढं का छळतं, ते समजलं की पुढचा शोध सोपा जातो. एक चाक उचललं गेलं की अख्खा ॲक्सल तिरका होतो. वेगाने फिरणारं चाक असं तिरकं केलं, की ते भोवऱ्यासारखं दुसऱ्याच दिशेला, म्हणजे किंगपिनभोवती, वळू पाहतं. वळलेलं चाक कॅस्टरमुळे, म्हणजे किंगपिनच्या मागे कललेल्या कोनामुळे, परत सरळ यायला बघतं, येताना मध्य ओलांडतं आणि फेरा सुरू होतो. सगळे सांधे घट्ट असतील तर एक-दोन झोक्यांत ही शक्ती जिरते. कुठे मिलिमीटरभर मोकळीक असली, तर तेवढ्या मोकळ्या जागेत चाकाला अडवायला कोणी नसतं आणि प्रत्येक झोका वाढत जातो. १९३४च्या सुमारास कॅडिलॅक आणि ब्यूकसारख्या अमेरिकी गाड्यांनी पुढचा अखंड ॲक्सल सोडून दोन्ही चाकं स्वतंत्र केली, त्यामागे हेही एक कारण होतं.

वॉबलिंग सुरू झालंच तर ब्रेकवर उभं राहू नका. पुढे वजन पडून ते आणखी भडकू शकतं. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा पण अंगठे रिंगच्या आत अडकवू नका, आणि गाडी सरळ ठेवून वेग उतरू द्या. त्यानंतर ती गाडी हायवेवर न्यायची नाही, तपासणी होईपर्यंत.

टायरपासून सुरुवात

सगळ्यांना हे बाळबोध वाटतं आणि म्हणूनच वगळलं जातं. हवा चारही चाकांत थंड असताना मोजा आणि गाडीवरच्या स्टिकरवर दिलीय तेवढी ठेवा. चिखलात जाताना हवा कमी करून परत भरायची राहिली, तर गाडी भटकते. रिमच्या आतल्या बाजूला हात फिरवा. कोकणातून आलेल्या गाडीत तिथे लाल मातीचा वाळलेला थर हमखास सापडतो आणि तो एका बाजूला साचला, की चाकाचं बॅलन्सिंग गेलंच. धुऊन पुन्हा चालवून बघा. कित्येकांची "स्टिअरिंगची" तक्रार इथेच संपते.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८चा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी फार जुना टायर आतून सुटलेला असू शकतो. चाक उचलून फिरवा, नक्षीजवळ खडू स्थिर धरा. खडूची रेघ अखंड उमटण्याऐवजी एकाच जागी उमटत असेल, तर टायर किंवा रिम गोल राहिलेली नाही. शेवटी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून तोच रस्ता, तोच वेग. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली, तर दोषी चाक सापडलं. चाकाचे नट याच वेळी आवळून घ्या. नटाखालचं भोक लंबगोल झालं असेल तर ती रिम बाद.

मूळ मापाच्या जागी मोठे, जड टायर घातले असतील, तर गाडी दिसते रुबाबदार, पण प्रत्येक सांध्यावरचा भार वाढतो. आधी चालून जाणारा प्ले अशा टायरांवर चालून जात नाही.

चाकं जमिनीवर ठेवून तपासणी

हा सगळ्यात उपयोगी टप्पा आहे आणि गॅरेजमध्ये नेमका हाच टाळला जातो. गाडी लगेच रॅम्पवर चढवतात, चाकं लोंबकळतात आणि सांध्यांवरचा भार निघून जातो. भार नसलेला सांधा आपली ढिलाई नीट दाखवत नाही.

गाडी सपाट फरशीवर, चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. स्टिअरिंगच्या रिंगवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, शेजारी डॅशबोर्डला टेकवून मोजपट्टी धरा. पुढचं चाक हलायला लागेपर्यंत रिंग एका बाजूला किती फिरते, मग दुसऱ्या बाजूला किती, ते मोजा. एकूण १० ते ३० मिलिमीटर असेल तर या प्रकारच्या स्टिअरिंगला ते चालतं. शून्य प्ले कधीच नसतो, त्यामागे लागू नका. त्याहून जास्त असेल तर शोध सुरू करा.

सोबत्याला सांगा, रिंग हळूहळू डावी-उजवी हलवत राहा, जेमतेम चाक हलेल इतकीच. तुम्ही खाली, बॅटरी घेऊन. जिप्सीला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे इंजिन बंदच ठेवा. आता स्टिअरिंगपासून चाकापर्यंत एकेक दुवा बघत जायचं: खालच्या शाफ्टचा रबरी सांधा, बॉक्सचा आत जाणारा दांडा, बॉक्समधून बाहेर येणारा पिटमन आर्म, पिटमन आर्मकडून चाकाकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकची दोन टोकं, टाय रॉडची दोन टोकं. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच: अलीकडचा भाग हलल्याबरोबर पलीकडचा हलतो का?

डोळ्यांवर विसंबू नका. सांध्यावर बोट आडवं ठेवा, अर्धं दांड्यावर आणि अर्धं नकलच्या (किंगपिनभोवती वळणारा, चाक धरणारा भाग) आर्मवर. सांधा घट्ट असेल तर दोन्ही भाग बोटाला एकच वाटतात. झिजलेला असेल तर दिशा बदलताना बोटाखाली एक बारीक "टक्" येते. दिसत काहीच नाही, पण बोटाला चुकत नाही. मात्र टाय रॉड स्वतःच्या अक्षाभोवती थोडा पुढे-मागे डोलतो. तो बॉल जॉइंटचा स्वभावच आहे, त्याला प्ले समजून पार्ट फेकू नका. बॉल आपल्या वाटीत वर-खाली किंवा आडवा सरकतो तेव्हाच एंड गेलेला.

एंड बदलताना आर्मचं निमुळतं भोकही बघा. नट ढिला राहून गाडी खूप फिरली असेल तर ते लंबगोल होतं. त्यात नवाकोरा एंड बसवला तरी काही दिवसांत पुन्हा खडखड, आणि मग पार्ट डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराच्या नावाने शिमगा. पुण्याच्या नाना पेठेतून आणा नाही तर आणखी कुठून, दुकानातच बॉलचा दांडा हाताने फिरवून बघा. नवा एंड चांगला जड फिरला पाहिजे. सैल फिरणारा तिथेच परत करा. स्प्लिट पिन मात्र दरवेळी नवी. जुनी सरळ करून पुन्हा घालू नका.

जुनी, विलिसच्या वंशातली महिंद्रा जीप असेल तर तिच्यात एक जादा दुवा आहे, बेल क्रँक. बॉक्सकडून आलेला ड्रॅग लिंक चेसिसच्या पुढच्या आडव्या दांड्यावरच्या या बेल क्रँकला जोडलेला असतो आणि तिथून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात. त्याची पिन आणि बेअरिंग झिजली की बाकी सगळं नवं घालूनही स्टिअरिंग अधांतरीच राहतं. बेल क्रँक हाताने धरून वर-खाली हलवा, एका झटक्यात उत्तर मिळतं.

बॉक्सचा स्क्रू: सगळ्यात मोठा मोह

बॉक्सच्या झाकणावर लॉकनटसह एक स्क्रू असतो. तो आवळला की रिंगवरचा प्ले कमी झाल्यासारखा वाटतो, म्हणून सगळ्यांचा हात आधी तिथे जातो. माझं मत ठाम आहे: बाकीचे सगळे सांधे निर्दोष ठरल्याशिवाय या स्क्रूला पाना लावायचा नाही.

कारण बॉक्स सरळ चालताना, म्हणजे मध्यावर, सर्वांत घट्ट असतो आणि दोन्ही बाजूंना मुद्दाम थोडा सैल ठेवलेला असतो. वर्षानुवर्षं गाडी सरळच चालते, त्यामुळे झीज मध्यावर होते. झिजलेला मध्य घट्ट करायला गेलं की बाजूचा भाग आवळतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, ओढून आणावं लागतं. ताम्हिणीसारख्या घाटात हे धोक्याचं आहे.

आवळायचाच असेल तर ड्रॅग लिंक सोडवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजत फिरवा आणि बरोबर मध्यावर आणा. लॉकनट सैल करून स्क्रू एका वेळी एक अष्टमांश फेराच द्या, आणि दरवेळी टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा. मध्यावर किंचित जडपणा हवा, पण अडकता कामा नये. अडकला तर मागे या. एवढ्याने प्ले गेला नाही तर बॉक्स उघडावा लागेल, आणखी आवळून उपयोग नाही.

बॉक्स चेसिसला जिथे बोल्ट केलाय ती जागाही सोबती रिंग हलवत असताना बघा. पूर्ण बॉक्सच हलत असेल तर बोल्टाच्या वायसरभोवती धातू घासून चकचकीत झालेला दिसतो. बोल्ट घट्ट असूनही हलत असेल तर चेसिस तडकलीय का पाहा. किनाऱ्यावर वापरलेल्या गाडीत गंजाखाली तडा लपलेला असतो, तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय दिसत नाही.

चाकं उचलून: हब की किंगपिन?

आता ॲक्सलखाली जॅक लावा आणि लगेच स्टँड. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर असलेल्या गाडीखाली जाऊ नका.

चाक घड्याळातल्या बाराच्या आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. मग नऊ आणि तीनच्या जागी. नुसतं नऊ-तीनला हलत असेल तर संशय टाय रॉडवर. बारा-सहाला हलत असेल तर दोनच शक्यता: हबचं (चाकाचा मधला, फिरणारा भाग) बेअरिंग किंवा किंगपिनचं. इथे बरेच जण हबचा नट आवळून मोकळे होतात.

खात्री करायला सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा बारा-सहाला हलवा. ब्रेकमुळे हब आणि नकल एकमेकांना बांधले जातात. हालचाल गेली तर हबचं बेअरिंग. ब्रेक दाबूनही चाक हलत असेल तर किंगपिन. त्याच वेळी मागून बॅटरी मारून नकल आणि ॲक्सलच्या गोल टोकामधली फट बघा. किंगपिन ढिली असेल तर ती फट वर आणि खाली आलटून-पालटून उघडताना दिसते.

जिप्सीच्या वॉबलिंगचं मूळ माझ्या मते बहुधा इथेच असतं. प्रत्येक नकलमध्ये वर एक आणि खाली एक अशी दोन निमुळती बेअरिंगं असतात आणि ती शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून ठराविक दाबाखाली बसवलेली असतात. ओढ्यातून गाडी काढली की मागच्या सीलमधून पाणी आत जातं. ॲक्सलचं आतलं सील गेलं असेल तर डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येऊन ग्रीस धुऊन काढतं. पाणी तळाला साचतं, म्हणून खालचं बेअरिंग आधी मरतं. खालची किंगपिन सोडवल्यावर काळ्या ग्रीसऐवजी तांबूस पाणी आणि गंजाचा चुरा बाहेर आला, तर पुढे काय दिसणार ते कळलंच: बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर, चाक सरळ असतानाच्या जागी, रोलरच्या खाचा.

खाचा पडल्या का आणि दाब गेला का, ते किंगपिन न उघडताही कळतं. टाय रॉड सोडवा, चाक आणि कॅलिपर काढा, कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू न देता तारेने टांगून ठेवा. नकल हाताने एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत फिरवा. सगळीकडे सारखा, थोडा जड विरोध जाणवायला हवा. धक्का देताच ती मोकळी झुलली तर दाब गेलेला आहे. मध्यावर येऊन खाचेत बसल्यासारखी अडकली तर बेअरिंगच बदलायची, शिम काढून भागणार नाही.

जुळवणी करताना मोठं सील काढून ठेवा, टाय रॉडच्या भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून ओढा आणि नकल हलायला लागते तेव्हाचा आकडा वाचा. १ ते १.८ किलोच्या दरम्यान यायला हवा. कमी आला तर शिम काढा, जास्त आला तर घाला. कुठल्या बाजूची, वरची की खालची शिम, ते कागदावर लिहून ठेवा. काट्याशिवाय, "हाताला बरं वाटतंय" म्हणून बसवलेली किंगपिन लवकरच पुन्हा उघडावी लागते.

पाटे, कॅस्टर, टो-इन

पाट्यांच्या बुशमध्ये पहार घालून हलकं उचकटा. रबर दबलं पाहिजे, पण पिन भोकात खडखडता कामा नये. ॲक्सलला पाट्याशी धरणारे यू-बोल्ट आवळून घ्या. पाट्याचा मधला बोल्ट तुटला असेल तर ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर टेपने मोजलं, तर लगेच उघडं पडतं.

जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल (पाटा चेसिसला टांगणाऱ्या हलत्या पट्ट्या) पुढच्या टोकाला असतात. गाडी उंच करायला तिथे लांब शॅकल घातले की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, ॲक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. मूळ कॅस्टर साडेतीन अंशांच्या आसपास, म्हणजे आधीच फार नाही. तो आणखी घटला की चाकांना सरळ राहायची ओढच उरत नाही आणि गाडी भटकते. उपाय म्हणजे पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी निमुळती शिम, किंवा सरळ जुने शॅकल परत घालणं. मी दुसरा निवडेन.

टो-इन, म्हणजे चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं, घरीही मोजता येतो. गाडी थोडी पुढे ढकलून थांबवा, मागे नाही. मागे ढकलल्यावर सांधे उलट बाजूला बसतात आणि माप चुकतं. दोन्ही टायरांवर हबच्या उंचीला, पुढच्या बाजूला, नक्षीच्या मध्यावर खडूची खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. खुणा मागे, त्याच उंचीला येईपर्यंत गाडी पुढे न्या आणि पुन्हा मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा २ ते ६ मिलिमीटरने कमी हवं. टाय रॉडचे लॉकनट सोडून रॉड फिरवून ते जुळवा. ढिले सांधे असताना टो-इन करण्यात अर्थ नाही, म्हणून हे इतक्या उशिरा.

डॅम्पर सगळ्यात शेवटी

डॅम्पर काढून हाताने पूर्ण आत-बाहेर करा. दोन्ही दिशांना सारखा जड हवा, मध्ये कुठे पोकळ जागा नको. तेल गळत असेल तर बदला. पण वॉबलिंगवर औषध म्हणून नवा डॅम्पर घालू नका. तो झोक्याची शक्ती जिरवतो, सांधा घट्ट करत नाही. ढिल्या किंगपिनवर नवा डॅम्पर घातला की काही काळ सगळं शांत, तोवर बेअरिंगं आणखी झिजत राहतात. खालचं काम चोख झालं असेल तर डॅम्पर सोडवून, रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात गाडी खड्ड्यावरून नेली तरी स्टिअरिंग एक झटका देऊन शांत होतं. हीच कामाची खरी परीक्षा. ती पास झाली की डॅम्पर परत लावा आणि वेग हळूहळू वाढवत बघा. साधारण ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, पिटमन आर्मचा नट आणि बॉक्सचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.

एवढं झाल्यावर गाडी सरळ चालतेय पण स्टिअरिंगची रिंग वाकडी, असं होऊ शकतं. मिस्त्री म्हणेल, रिंग काढून एक-दोन दाते फिरवून सरळ बसवतो. नको म्हणा. रिंग सरळ दिसेल, पण चाकं सरळ असताना बॉक्स मध्यावर नसेल, म्हणजे तो आपल्या सैल भागात चालेल आणि ज्या प्लेमागे एवढी मेहनत केली तो परत येईल. आधी बॉक्स मध्यावर आणा आणि ड्रॅग लिंकची लांबी कमी-जास्त करता येत असेल तर तिथून चाकं सरळ करा. त्यानंतरही रिंग वाकडी उरली, तरच तिचा नट सोडवा.